चांदीचा डॉलर आणि त्याचे ठसे

नाणें ओळखणें म्हणजे त्यावरील साल वाचणें आणि चांदी खरी आहे कीं नाहीं तें पाहणें, एवढीच आपली सामान्य समजूत असते. आपल्या पणज्यांच्या काळीं रुपया हातीं आला कीं तो दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. नित्याच्या व्यवहाराला ही परीक्षा पुरेशी होती. परंतु ज्याची चांदी अस्सल आहे, वजन बरोबर आहे आणि आवाजहि खणखणीत आहे, असें नाणें खोटें असूं शकेल काय? असूं शकेल. असलीं नाणीं जाणत्या संग्राहकांच्या पेट्यांत अनेक दशकें मानानें नांदलीं, आणि शेवटीं तीं उघडकीस आलीं तीं तराजूमुळें नव्हे, तर तीं ज्या ठशांतून निघालीं त्या ठशांच्या बारीक अभ्यासामुळें. अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरांचे हे ठसे कसे ओळखावे, आणि ते ओळखल्यानें काय साधतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ज्या नाण्याविषयीं बोलावयाचें तें डोळ्यांसमोर आणूं. या नाण्यास त्याच्या कर्त्याच्या नांवावरून मॉर्गन डॉलर म्हणतात. जॉर्ज मॉर्गन हा इंग्लंडांत जन्मलेला ठसे कोरणारा कारागीर १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत आला. २८ फेब्रुवारी १८७८ रोजीं अमेरिकेच्या काँग्रेसनें अध्यक्ष हेझ यांचा नकाराधिकार डावलून एक कायदा संमत केला. सरकारनें दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलर किंमतीची चांदी विकत घ्यावी आणि तिचे डॉलर पाडावे, अशी त्या कायद्याची आज्ञा होती. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आंत, ११ मार्च रोजीं, मॉर्गनचा नवा डॉलर फिलाडेल्फियाच्या यंत्रांतून बाहेर पडूं लागला. त्याच्या एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचें मुख आहे. तें कोरतांना ॲना विल्यम्स नांवाच्या फिलाडेल्फियांतील एक शिक्षिका मॉर्गनसमोर बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूस पंख पसरलेला गरुड आहे; त्याच्या एका पायांत ऑलिव्हची डहाळी, दुसऱ्या पायांत बाण, आणि सभोंवतीं पानांची माळ. नाण्याचा व्यास ३८.१ मिलिमीटर, वजन २६.७३ ग्रॅम, आणि धातूंत दहांपैकीं नऊ भाग चांदी व एक भाग तांबें. १८७८ पासून १९०४ पर्यंत, आणि पुनः १९२१ सालीं, असें हें नाणें पाडलें गेलें. त्याच्या स्मरणार्थ २०२१ सालापासून अमेरिकेच्या टांकसाळीनें त्याच चित्राचीं नवीं नाणीं काढलीं आहेत. परंतु तीं जवळजवळ शुद्ध चांदीचीं आहेत व व्यवहारासाठीं नाहींत. आपला विषय जुन्या नाण्यांचा आहे.

आतां ठसा म्हणजे काय तें पाहूं. मोदकाचा लाकडी साचा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. साच्यांत जें खोल कोरलेलें असतें तें मोदकावर उठून दिसतें. त्या साच्यास एखादा तडा गेला, तर त्या तड्याची उठावदार रेघ त्यांतून निघणाऱ्या प्रत्येक मोदकावर उमटेल. उलट, ताटांत ठेवतांना एखाद्या मोदकास बोट लागून खळगा पडला, तर तो खळगा त्या एकट्या मोदकावरच राहील. नाण्यांच्या अभ्यासाचें मूलतत्त्व एवढेंच आहे. जी खूण उठावाची आहे ती बहुधा ठशाची, म्हणजे सर्व भावंडांची. जी खूण खोलगट आहे ती बहुधा त्या एका नाण्याला पुढें झालेली इजा. नाण्यावर एखादी रेघ दिसली कीं ती उठावाची आहे कीं खोल गेलेली आहे, हा पहिला प्रश्न स्वतःस विचारावा. या एका प्रश्नानें निम्मा गोंधळ दूर होतो.

मग एकाच चित्राच्या नाण्यांत भेद कां पडावे? त्याचें कारण ठसे तयार करण्याच्या पद्धतींत आहे. मूळ चित्रावरून एक उठावाची पोलादी मुद्रा तयार करीत, आणि ती मऊ केलेल्या पोलादांत दाबून कामाचे खोलगट ठसे काढीत. एका दाबांत चित्र पुरें उमटत नसे. म्हणून पोलाद पुनः तापवून मऊ करावें लागे व मुद्रा त्याच जागीं दुसऱ्यांदा दाबावी लागे. ती केसभर जरी सरकली, तरी चित्र दुहेरी उमटे. यावर आणखी दोन कामें हातानें होत. सालाचे चार अंक असलेला एक लहान पंच आणि टांकसाळीच्या अक्षराचा दुसरा पंच, हे दोन्ही कारागीर प्रत्येक ठशावर हातोडीनें ठोकी. माणसाच्या हाताचें काम म्हटलें कीं तें कधीं किंचित डावीकडे जाणार, कधीं उजवीकडे, कधीं तिरकें, तर कधीं चुकून दोनदां. असा एकेक ठसा लाखाहून अधिक नाणीं काढी, आणि प्रत्येक नाण्यावर त्या कारागिराच्या हाताची सही राहून जाई.

ठसा वापरांत आल्यावर त्यालाहि वार्धक्य येतें. पोलादाला तडे जातात. त्यांच्या बारीक नागमोडी रेघा नाण्यावर अक्षरांतून अक्षरांत धांवतांना दिसतात. कधीं यंत्रांत चांदीची चकती यावयाची राहते व वरचा आणि खालचा ठसा एकमेकांवर आदळतात. मग देवतेच्या मानेजवळ गरुडाच्या पंखाची अंधुक कडा उमटते. ते डाग काढण्यासाठीं कारागीर ठसा घासतो, आणि त्या घासण्याचे ओरखडे पुढील नाण्यांवर उठावाच्या बारीक रेषा होऊन येतात. म्हणून एकाच ठशाचीं नाणीं जन्मक्रमानें मांडतां येतात: तडा नसलेलीं आधीं, तडा असलेलीं मागाहून.

या सर्व गोष्टी १८७८ या पहिल्याच सालांत एकवटलेल्या दिसतात. मॉर्गननें प्रथम गरुडाला शेपटीचीं आठ पिसें दिलीं होतीं. सुमारे साडेसात लाख नाणीं पडल्यावर पिसें सात असावींत असें ठरलें, कारण अमेरिकेच्या पूर्वींच्या नाण्यांवर हीं पिसें विषम संख्येचीं असत. परंतु कायद्यानें ठरविलेला मासिक आंकडा पुरा करावयाचा होता आणि हातांतील आठ पिसांचे ठसे टाकून देण्यास सवड नव्हती. म्हणून त्यांतील कांहींवर सात पिसांची मुद्रा पुनः दाबण्यांत आली. अशा नाण्यांत सात पिसांच्या खालून जुन्या पिसांचीं टोकें डोकावतात. याशिवाय सात पिसांच्या गरुडाचेहि दोन प्रकार आहेत. पहिल्यांत गरुडाची छाती चपटी असून बाणांपैकीं सर्वांत वरच्या बाणाचीं पिसें समांतर आहेत. दुसऱ्यांत छाती गोल फुगीर असून तें पीस तिरकें आहे. एकूण एका सालांत, एका टांकसाळींत, चार प्रकार झाले. आणि ते ओळखण्यास पिसें मोजतां येणें व बाण पाहतां येणें, एवढ्याच विद्येची गरज आहे.

टांकसाळीचें अक्षर गरुडाच्या बाजूस, माळेच्या गांठीखालीं असतें. अक्षर नसल्यास नाणें फिलाडेल्फियाचें. एस असल्यास सॅन फ्रान्सिस्कोचें. ओ असल्यास न्यू ऑर्लीन्सचें. सी-सी अशीं दोन अक्षरें असल्यास कार्सन सिटीचें. आणि डी असल्यास डेन्व्हरचें. डेन्व्हर येथें हा डॉलर केवळ १९२१ सालीं पडला. टांकसाळी दूरदूर असल्या तरी सर्वांचे ठसे फिलाडेल्फियांतच तयार होऊन अक्षरासह पाठविले जात. ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे एक विलक्षण नाणें समजूं लागतें. कार्सन सिटीचें नाणीं पाडण्याचें काम १८९३ सालीं बंद पडलें व तिचे कांहीं ठसे शिल्लक राहिले. पोलाद वांया घालविण्यापेक्षां त्यांवरील सी-सी अक्षरांवर ओ ठोकून ते न्यू ऑर्लीन्सला देण्यांत आले. म्हणून १९०० सालच्या कांहीं डॉलरांवर ओच्या दोन्ही बाजूंस दोन सींचे अवशेष दिसतात. बंद झालेल्या टांकसाळीची खूण अशी दुसऱ्या टांकसाळीच्या नाण्यांवर राहिली. त्याचप्रमाणें १८८७ सालच्या कांहीं नाण्यांवर शेवटच्या सातखालीं सहाचा अंश दिसतो. तो ठसा मुळांत १८८६ साठीं तयार झालेला होता.

दुहेरीपणाविषयीं मात्र नवशिक्याने सावध असावें. न्यू ऑर्लीन्सच्या १८८८ सालच्या एका ठशाचीं नाणीं प्रसिद्ध आहेत. त्यांत देवतेचे ओठ, नाक व हनुवटी स्पष्ट दोनदां उमटलीं आहेत. हा ठशाचाच दोष होय. पण कित्येक नाण्यांवर दिसणारा दुहेरीपणा ठशाचा नसतो. यंत्रांत ठसा सैल बसला तर नाणें उमटण्याच्या क्षणीं तो किंचित सरकतो व उमटलेल्या अक्षराची कड चेपून तेथें एक सपाट पायरी तयार होते. खऱ्या दुहेरी ठशांत दोन्ही आकृति गोल, भरीव व स्वतंत्र असतात. सरकलेल्या ठशांत अक्षर खरवडल्यासारखें व चपटें दिसतें. पहिला प्रकार संग्रहणीय आहे, दुसऱ्यास कांहीं विशेष मोल नाहीं.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, कीं हा रिकामपणाचा उद्योग आहे. पिसें सात असलीं काय नि आठ असलीं काय! या आक्षेपास दोन उदाहरणांनीं उत्तर देतां येईल.

पहिलें उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या १८९३ सालच्या डॉलरचें. त्या सालीं तेथें अवघीं एक लाख नाणीं पडलीं. व्यवहाराकरितां पडलेल्या मॉर्गन डॉलरांत याहून कमी संख्येचें दुसरें नाणें नाहीं, आणि म्हणून त्याला मोठी किंमत येते. अर्थात् लबाडांची दृष्टि त्यावर गेली. फिलाडेल्फियाचें त्याच सालचें साधें नाणें घ्यावयाचें आणि त्यावर एस हें अक्षर चिकटवावयाचें, कीं काम झालें. चांदी खरी, साल खरें, वजन खरें; खोटें काय तें एक चिमुकलें अक्षर. परंतु अभ्यासकांना असें आढळून आलें, कीं हीं सर्व एक लाख नाणीं देवतेच्या बाजूनें एकाच ठशांतून निघालेलीं आहेत. त्या ठशांत लिबर्टी या शब्दांतील टी अक्षराच्या माथ्यावर एक सूक्ष्म तिरकी रेघ आहे, आणि सालाचे अंक कडेच्या दांत्यांच्या संबंधांत एका ठराविक जागीं आहेत. त्या खुणा जुळत नसतील, तर एस कितीहि सुबक असो, नाणें बनावट. अक्षर चिकटविणारा अक्षर आणूं शकतो; नाण्याचा जन्म बदलूं शकत नाहीं.

दुसरें उदाहरण याहून उद्बोधक आहे. न्यू ऑर्लीन्सच्या १८९९ सालच्या कांहीं डॉलरांवर ओ हें अक्षर नेहमींपेक्षां फार लहान आहे. लहान नाण्यासाठीं असलेला पंच डॉलरच्या ठशावर ठोकला गेल्यामुळें तसें झालें असें मानतात. हीं नाणीं खरीं आहेत. असाच लहान ओ १८९६, १९०० व १९०२ या सालांच्या कांहीं नाण्यांवरहि सांपडला, आणि संग्राहकांनीं तीं दुर्मिळ म्हणून आनंदानें संग्रहीं ठेविलीं. ग्रंथांत त्यांना क्रमांक मिळाले, परीक्षकांनीं त्यांस खरेपणाचे दाखलेहि दिले. परंतु पुढें ठशांची तुलना करणाऱ्यांच्या ध्यानांत आलें, कीं या तिन्ही सालांच्या नाण्यांची गरुडाची बाजू एकाच ठशांतून निघालेली आहे. तेच व्रण त्याच जागीं. खऱ्या टांकसाळींत ठसा लाख दोन लाख नाणीं काढून झिजतो. १८९६ सालीं वापरलेला ठसा तेच व्रण घेऊन १९०० सालीं आणि पुनः १९०२ सालीं कसा यावा? २००५ सालीं नाणीं प्रमाणित करणाऱ्या परीक्षकांनीं हीं तिन्ही नाणीं बनावट असल्याचें जाहीर केलें.

या बनावट नाण्यांत चांदी मात्र खरीच होती! लबाडानें खरी चांदी कां वापरावी? त्याचें उत्तर त्या काळच्या बाजारभावांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदी इतकी उतरली होती, कीं एका डॉलरांत असलेल्या चांदीची किंमत अर्ध्या डॉलरच्या आसपास आली होती. म्हणजे पुरी चांदी घालूनहि प्रत्येक नाण्यामागें जवळजवळ निम्मा नफा उरे, आणि दगडावर आपटणाऱ्यास कांहींच संशय येत नसे. अशा नाण्यापुढें तराजू आणि कान दोन्ही हरले. ठशाच्या व्रणानें मात्र साक्ष दिली.

या अभ्यासाला आज जें व्यवस्थित रूप आलें आहे त्याचें श्रेय मुख्यतः लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस या दोघां अमेरिकन अभ्यासकांस आहे. त्यांनीं प्रत्येक साल व टांकसाळ घेऊन, देवतेच्या व गरुडाच्या ठशांच्या निरनिराळ्या जोड्यांस अनुक्रमांक दिले. त्यांचा बृहद्ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. दोघांच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून या क्रमांकांस व्हॅम क्रमांक म्हणतात. नव्या जोड्या सांपडतील तशी ही यादी वाढत आली आहे. वर सांगितलेल्या तीन बनावट नाण्यांचे क्रमांकहि याच यादींतील होते. जी यादी स्वतःच्या चुका दाखविण्याचें साधन स्वतःच पुरविते, ती विश्वासास पात्र समजावी.

आतां या डॉलरांचा आपल्या देशाशीं असलेला संबंध सांगतों. पहिल्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांत चांदीच्या रुपयांची मागणी अतोनात वाढली. लोक नोटा घेऊन येत आणि रोख रुपये मागत. १९१७ च्या अखेरीस सरकारनें एक रुपयाची नोटहि काढली. १९१८ च्या आरंभीं तर सरकारजवळचा रुपयांचा सांठा संपत आला. तेव्हां ब्रिटिश सरकारनें अमेरिकेकडे चांदी मागितली, आणि २३ एप्रिल १९१८ रोजीं अमेरिकेनें पिटमन कायदा केला. त्याअन्वयें २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ चांदीचे डॉलर वितळविण्यांत आले. त्यांपैकीं २५ कोटी ९१ लाखांहून अधिक डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठीं विकण्यांत आली. एका डॉलरांतील शुद्ध चांदी ३७१¼ ग्रेन आणि तेव्हांच्या रुपयांतील १६५ ग्रेन; म्हणजे एका डॉलरांत बरोबर सव्वादोन रुपयांची चांदी. ती मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत येऊन पंचम जॉर्जच्या रुपयांच्या रूपानें आपल्या बाजारांत फिरली. आपल्या घरच्या देवाच्या पेटींत त्या सुमाराचा राजाछाप रुपया असेल, तर त्यांत एके काळच्या अमेरिकन डॉलरचा अंश असण्याचा पुष्कळ संभव आहे.

१९०४ पर्यंत हे डॉलर सुमारे ५७ कोटी पडले होते; म्हणजे जवळजवळ निम्मे या एका भट्टींत गेले. आणि ते वितळवितांना कोणत्या सालचे, कोणत्या टांकसाळीचे किती गेले याची नोंद कोणीं ठेविली नाहीं. म्हणून टांकसाळीच्या जुन्या हिशेबावरून कोणतें नाणें आज दुर्मिळ आहे हें सांगतां येत नाहीं. न्यू ऑर्लीन्सचा १९०३ सालचा डॉलर फार दुर्मिळ समजत. परंतु १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरींतील त्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि त्याची किंमत एकाएकीं कोसळली. कागद अपुरे पडतात तेथें उरलेलीं नाणीं हाच पुरावा. आणि कोणत्या ठशाचीं किती नाणीं उरलीं हें मोजल्यावांचून तो पुरावा वाचतां येत नाहीं.

ज्यांच्या घरीं अमेरिकेंतील आप्तेष्टांनीं दिलेले असे दोनचार डॉलर असतील, त्यांनीं पुढील क्रमानें पाहणी करावी. प्रथम वजन व व्यास तपासावा. चुंबकास नाणें चिकटलें तर पुढें जाण्याचें कारणच नाहीं. नाणें नेहमीं कडेनें धरावें व खालीं मऊ कापड पसरावें. दहापट मोठें दाखविणारें भिंग पुरेसें आहे. दिवा एकच असावा आणि तो बाजूनें, तिरका असावा. समोरच्या उजेडांत बारीक उठाव नाहींसे होतात. नाणें दिव्याखालीं सावकाश फिरवावें, म्हणजे उठावाची रेघ व खोल ओरखडा यांच्या सावल्या निरनिराळ्या पडतात. मग क्रमानें साल, टांकसाळीचें अक्षर, पिसांची संख्या, वरच्या बाणाचें पीस, सालाच्या अंकांची कडेच्या दांत्यांशीं असलेली जागा, आणि शेवटीं तडे व रेघा पाहाव्या. प्रत्येक गोष्ट वहींत टिपावी व दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें. ग्रंथांतील वर्णनाशीं एक खूण जुळली म्हणून निर्णय करूं नये. दोनतीन स्वतंत्र खुणा जुळाव्या.

हीच दृष्टि आपल्या रुपयांसहि लागू पडते. व्हिक्टोरिया राणीच्या मुंबईच्या कांहीं रुपयांवर बी हें अक्षर उठावाचें आहे, तर कांहींवर तें खोल गेलेलें आहे. हा भेदहि ठशांचाच होय. भिंग हातीं घेऊन पाहिल्यास घरच्या घरीं या विद्येचा श्रीगणेशा करतां येईल.

मात्र एक गोष्ट कदापि करूं नये. सणावारीं चांदीचीं भांडीं चिंच किंवा रांगोळी लावून घासतात, तशीं जुनीं नाणीं घासूं नयेत. त्यांवर चढलेली काळसर निळी छटा ही घाण नव्हे. घासल्यानें चांदी चकचकीत होते हें खरें; परंतु ज्या केसभर रेषेवर नाण्याचा खरेपणा अवलंबून आहे तीच रेषा पुसली जाते, आणि तिच्या जागीं शेंकडों नवे ओरखडे येतात. २७ कोटी डॉलर भट्टींत गेले तेव्हां त्यांच्यावरील सगळीं अक्षरें, पिसें, तडे एका क्षणांत नाहींसे झाले. हातीं राहिलेल्या नाण्यांवरील खुणा निदान आपल्या हातून तरी पुसल्या जाऊं नयेत.